गिल्गामेश: ज्याचं नाव अठरा वर्षं चुकीचं वाचलं गेलं

काना_मात्रा (मूळ धागा):

मी सव्वीस वर्षं मुद्रितं तपासते आहे. पुस्तकात कुणाचं नाव चुकीचं छापून गेलं की ते पान कितीतरी दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणूनच असेल, गिल्गामेशची, म्हणजे आजच्या इराकमधल्या उरुक या प्राचीन नगरीच्या राजाची, गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा महापूर, राक्षस, अमर करणारी वनस्पती हे सगळं नंतर आलं. आधी जीव अडकला तो एका चुकीच्या नावात.

जॉर्ज स्मिथ हा लंडनमधला, नोटांचे ठसे कोरायला शिकलेला कारागीर. जेवणाच्या सुट्टीत ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन मातीच्या पाट्यांवरची कीलाक्षरं (खिळ्यांच्या आकाराची प्राचीन लिपी) बघत बसायचा. पुढे तिथेच कामाला लागला. असिरियाची जुनी राजधानी निनेवे, तिथून आलेल्या हजारो तुकड्यांमधली एक पाटी १८७२ साली त्याने वाचायला घेतली. जेमतेम पंधरा सेंटिमीटर उंचीची पाटी. तिच्यावर डोंगराला टेकलेली नौका होती, जमीन शोधायला सोडलेलं आणि पाय टेकायला जागा न मिळाल्याने परत आलेलं कबुतर होतं. बायबलमधल्या नोहाच्या पुरासारखीच ही हकिकत. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने ती जाहीर वाचून दाखवली तेव्हा श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन बसले होते.

ही पुराची हकिकत ज्या राजाला सांगितली जाते, त्याचं नाव स्मिथने वाचलं ‘इझदुबार’. कीलाक्षरांत एकाच चिन्हाचे अनेक उच्चार असतात. मोडी वाचणाऱ्यांना हे लगेच कळेल: संदर्भ हाती नसेल तर तेच अक्षर दोन तऱ्हांनी लागतं. स्मिथ १८७६ साली अलेप्पोजवळ आजारपणात गेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. राजाचं खरं नाव त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. १८९० साली थिओफिलस पिंचेस यांना एका बॅबिलोनियन शब्दसूचीत तीच चिन्हं दिसली आणि शेजारी उच्चार फोडून दिलेला होता: गि-इल-गा-मेश. कुणा जुन्या लेखनिकाने आपल्या शिष्यांसाठी केलेली ती नोंद. तिच्यामुळे राजाला त्याचं नाव परत मिळालं.

आता या राजाला स्वतःला काय हवं होतं ते पाहा. इ.स.पू. अठराव्या शतकाच्या सुमाराच्या एका पाटीवर तो आपल्या जिवलग मित्राला, एन्किडूला, म्हणतो की देव तेवढे कायमचे, माणसाचे दिवस मोजलेले. तो काहीही करो, सगळा वारा. म्हणून देवदाराच्या अरण्यात जाऊ, तिथल्या राखणदाराला, हुंबाबाला मारू. मेलो तरी नाव राहील.

नाव राहिलं. पण त्याने स्वतः कोरलेली किंवा कोरवून घेतलेली एक ओळही आजवर सापडलेली नाही. विटेवर नाही, दगडावर नाही, मुद्रेवरही नाही. जे आहे ते दुसऱ्यांनी लिहिलेलं. सुमेरच्या, म्हणजे दक्षिण इराकच्या, जुन्या राजावलीत तो उरुकच्या पहिल्या घराण्यात येतो, १२६ वर्षं राज्य केलं म्हणते आणि बाप कोण तर एक पिशाच्च. काव्य मात्र त्याला लुगलबंदा आणि निन्सुन देवीचा मुलगा म्हणतं, दोन तृतीयांश देव आणि एक तृतीयांश माणूस. सुमेरी भाषेत त्याच्या पाच स्वतंत्र कथा आहेत, तिथे त्याचं नाव बिल्गामेस. मग अक्कादी भाषेत, म्हणजे बॅबिलोन-असिरियाच्या भाषेत, सलग महाकाव्य झालं. पुढे सिन-लेकी-उन्निन्नी या लेखनिकाच्या नावाने त्याची अकरा पाट्यांची* प्रमाण संहिता प्रसिद्ध झाली. इ.स.पू. दुसऱ्या शतकापर्यंत लोक ती उतरवून घेत होते. राजा इ.स.पू. २६०० च्या आसपास धरला, तर ही दोन हजार वर्षांहून लांब साखळी होते.

या साखळीतल्या बहुतेक माणसांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्यांची कामाची रीत ठाऊक आहे आणि माझं मन तिथेच वारंवार जातं. पाटीच्या शेवटी ते नोंद करत: जुन्या प्रतीबरहुकूम लिहिलं आणि ताडून पाहिलं. समोरची प्रत फुटकी असेल तर मनाने भर घालत नसत. तेवढी जागा सोडून बारीक अक्षरांत लिहायचे, ‘फुटलं आहे’. तडा अलीकडचा असेल तर ‘नव्याने फुटलं आहे’. मी हे वाचलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं आणि बराच वेळ खिडकीशी उभी राहिले. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी माझंच काम करत होतं, आणि माझ्यापेक्षा प्रामाणिकपणे.

माझं म्हणणं एवढंच: गिल्गामेशला कीर्ती मिळाली ती त्याच्या पराक्रमाने नव्हे. उतरवून घेणाऱ्या आणि ताडून पाहणाऱ्या हातांनी ती दिली. तुम्हाला काय वाटतं? पटत नसेल तर तेही मोकळेपणी लिहा.

पुराव्यानिशी:

लेख आवडला. एक मूलभूत गोष्ट आधी स्पष्ट व्हावी असं वाटतं, कारण दर वेळी चर्चा तिथेच अडकते. गिल्गामेश नावाचा राजा खरंच होता का?

थेट पुरावा नाही, हे ताईंनी लिहिलंच आहे. आडून येणारे पुरावे मात्र दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. ‘गिल्गामेश आणि आगा’ या सुमेरी कथेत किश नगरीचा राजा आगा उरुकला वेढा घालतो. हा आगा एन्मेबारागेसीचा मुलगा. या एन्मेबारागेसीच्या नावाचे दगडी भांड्यांचे कोरीव तुकडे सापडले आहेत, म्हणजे तो हाडामासाचा राजा होता. शत्रूचा बाप खरा ठरला तर खुद्द नायक निव्वळ कल्पनेतला असणं जरा अवघड जातं.

दुसरं, शुरुप्पाकला, म्हणजे आजच्या फारा इथे, इ.स.पू. २६०० च्या आसपासची देवांची यादी मिळाली. तिच्यात गिल्गामेशचं नाव आहे. म्हणजे तो होऊन गेला असेल तर फार लवकर देवांत जाऊन बसला. तिसरं, इ.स.पू. १८०० च्या सुमारास उरुकचा राजा अनाम (हे त्याचं नावच) लिहून ठेवतो की, गिल्गामेशने पूर्वी बांधलेला तट मी दुरुस्त केला. त्याच्या काळी लोक त्या तटाकडे बोट दाखवून हे नाव घेत होते, एवढं तरी यातून नक्की होतं.

मी स्वतः ‘बहुधा होता’ या बाजूचा आहे. त्याच्या कारकिर्दीबद्दल मात्र एकही वाक्य ठामपणे लिहायला मी धजावणार नाही.

विटेकरी:

तटाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमची तिसरी पिढी वीटभट्टीवर आहे, त्यामुळे महाकाव्याच्या सुरुवातीलाच विटा आल्या तेव्हा मी पुस्तक घट्ट धरलं. कवी वाचणाऱ्याला सांगतो, उरुकच्या तटावर चढ, फिरून बघ, पाया तपास, विटांचं काम न्याहाळ. ही वीट भाजलेली नाही का? सातपुते गवंडी जसा नवख्या मालकाला घेऊन बांधकामावर फिरतो, अगदी तसं.

प्रत्यक्षात तो तट मुख्यतः कच्च्या विटांचा आहे. लांबी नऊ किलोमीटरच्या वर, आत साडेपाच चौरस किलोमीटर शहर. तटाच्या विटांचा आकार बघण्यासारखा: खालून सपाट आणि वरून फुगीर, तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीसारखी. साच्यात गारा थापून वरचा जादा गारा पट्टीने काढला नाही की वीट अशी होते. वरच्या फुगीर अंगावर बोटाचे ठसे उमटलेले असतात. अशा विटा सुमेरमध्ये एका ठरावीक काळातच वापरल्या गेल्या, म्हणजे साधारण इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात आणि मध्यावर. गिल्गामेशचा धरला जातो तोच काळ.

अशी फुगीर वीट नुसती आडवी रचली तर डुगडुगते. म्हणून ते लोक ती तिरकी उभी करायचे, एक थर उजवीकडे कलता, वरचा डावीकडे. कणसाच्या दाण्यांसारखी किंवा माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसते. ताईंनी उतरवून घेणाऱ्या हातांबद्दल लिहिलं. माझ्या मनात ते गारा थापणारे हात आले. ज्या मातीतून वीट झाली त्याच मातीतून पाटी झाली.

आणि आणखी एक. कवी शहराचं मोजमाप देतो: एक भाग घरं, एक भाग खजुराच्या बागा, एक भाग मातीच्या खाणी आणि अर्धा भाग इश्तारचं देऊळ. राजाच्या गौरवात मातीच्या खाणीला घरांइतकी जागा देणारा कवी मी दुसरा पाहिला नाही.

ओवी:

फार छान धागा. मला गोष्ट तुकड्यातुकड्यांनीच माहीत आहे. एन्किडूनंतर काय होतं ते कुणी सविस्तर सांगेल का?

काना_मात्रा:

ओवी, सांगते. पूर्ण कथा इथे मावणार नाही, मला जिव्हाळ्याचा वाटतो तेवढा भाग लिहिते.

उरुकची प्रजा राजाच्या जुलमाला कंटाळून देवांकडे गाऱ्हाणं नेते. त्याच्या तोडीस तोड म्हणून अरुरू देवी मातीच्या गोळ्यातून एन्किडू घडवते. तो रानात हरणांबरोबर चरतो. शमहात नावाची गणिका त्याला माणसांत आणते, भाकर खायला शिकवते, तो सात घडे बियर पितो. मग तो गिल्गामेशशी झुंजतो आणि दोघे जिवाचे मित्र होतात. हुंबाबाला मारतात, इश्तारने पाठवलेला स्वर्गीय बैल मारतात. देव ठरवतात की दोघांपैकी एकाने मरायचं. एन्किडू अंथरुणाला खिळतो आणि बारा दिवसांनी जातो.

इथून काव्य बदलतं. गिल्गामेश सहा दिवस आणि सात रात्री प्रेताजवळ बसून राहतो, अग्नी नाही की माती नाही, आपल्या रडण्याने मित्र उठेल म्हणून. शेवटी प्रेताच्या नाकातून अळी गळून पडते, तेव्हा तो उठतो. जगातल्या सगळ्यात बलवान राजाला मरण समजतं ते त्या अळीने. आईच्या आजारपणात मी हे पान वाचलं होतं. तेव्हापासून ही ओळ मी कुणाला मोठ्याने वाचून दाखवू शकलेले नाही.

पुढे तो सिंहाचं कातडं पांघरून रानोमाळ भटकतो. मृत्यूला चुकवलेला एकच माणूस जगात आहे, महापुरातून वाचलेला उतनापिश्तिम, त्याला गाठतो. तो म्हणतो, मरण जिंकायचंय ना, मग आधी झोप जिंक. सहा दिवस आणि सात रात्री जागा राहून दाखव. गिल्गामेश बसतो आणि तिथेच डोळा लागतो. उतनापिश्तिमची बायको रोज एक भाकर भाजून त्याच्या उशाशी ठेवते आणि भिंतीवर एक खूण करते. जागा झाल्यावर तो म्हणतो, आत्ता कुठे डोळा लागत होता तर तू हलवलंस! मग भाकरी दाखवतात. पहिली वाळून कडक, दुसरी चामड्यासारखी, तिसरी ओलसर, चौथी पांढरी पडलेली, पाचवीवर बुरशी, सहावी ताजी आणि सातवी अजून निखाऱ्यावर.

शेवटी तारुण्य परत देणारी वनस्पती त्याला समुद्रतळाशी मिळते. परतीच्या वाटेवर तो थंड पाण्यात अंघोळीला उतरतो आणि साप ती घेऊन जातो, जाता जाता कात टाकतो. गिल्गामेश बसून रडतो. मग घरी येतो आणि बरोबरच्या नावाड्याला म्हणतो, उर्शनाबी, या तटावर चढ, विटा बघ. सुरुवातीच्याच ओळी.

लालमाती:

आम्ही तालमीतली माणसं, त्यामुळे त्या झुंजीबद्दल लिहितो. दोघे लग्नघराच्या दारात भिडतात, दाराच्या चौकटी हादरतात, भिंत थरथरते. जुन्या संहितेत शेवटी गिल्गामेश एक पाय जमिनीवर रोवून गुडघा टेकतो, त्याचा राग ओसरतो आणि तो पाठ फिरवतो. हरला कोण, जिंकला कोण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला ती जागा ओळखीची वाटली. दोन तुल्यबळ मल्ल बराच वेळ झटले की एक क्षण असा येतो की अंगातला राग निघून जातो आणि समोरच्याबद्दल माया वाटते. हे ज्याने लिहिलं त्याने कुस्ती जवळून पाहिली असणार.

मेसोपोटेमियाच्या पंचांगात पाचवा महिना अबू, साधारण जुलै-ऑगस्टचा. एका जुन्या ग्रंथात त्याला गिल्गामेशचा महिना म्हटलंय: नऊ दिवस तरुण आपापल्या आळीत कुस्त्या खेळायचे. आमच्याकडे नागपंचमीला कुस्त्यांचे फड लागतात तेही त्याच दिवसांत. यातून नातं जोडण्याचा माझा हेतू नाही, पण तो मजकूर वाचून यंदा फडात उभा असताना मला त्या आळ्यांतली पोरं आठवली. ताई, नाव उतरवून घेणाऱ्यांमुळे टिकलं हे खरं, पण नऊ दिवस आखाड्यात पोरं ज्याच्या नावाने उतरत होती ते नाव पाटीशिवायही काही काळ जगलं असणार.

रानभूल:

मी वनस्पतींवर काम करते आणि या काव्यातलं अरण्य मला सोडत नाही. २०११ साली इराकच्या कुर्दिस्तानातल्या सुलेमानिया संग्रहालयाने एका विक्रेत्याकडून काही पाट्या विकत घेतल्या. त्यांत पाचव्या पाटीचा मोठा तुकडा निघाला. फारूक अल-रावी आणि अँड्र्यू जॉर्ज यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला आणि सुमारे वीस नव्या ओळी जगाला मिळाल्या.

त्या ओळींत देवदाराचं रान बोलतं. पाखरं साद-प्रतिसाद घालतात, रातकिड्यांचा एकसुरी आवाज भरून राहतो, माकडं ओरडतात आणि हा सगळा गलबला रानाच्या राजापुढचं, हुंबाबापुढचं संगीत आहे. तोवर आपण हुंबाबाला नुसता अक्राळविक्राळ राक्षस समजत होतो. आणि त्याला मारून, देवदार तोडून झाल्यावर एन्किडू म्हणतो, मित्रा, आपण रानाचं ओसाड माळरान करून टाकलं.

एवढ्या जुन्या काव्यात हा सल आहे. ताई, तुमच्या मुद्द्याला हे धरूनच आहे. हा सल अडीच हजार वर्षं मातीत पुरलेला होता. कुणीतरी तो नीट उतरवला होता म्हणून २०११ मध्ये हाती आला.

गिरगावकर:

मुंबईचा एक धागा इथे जोडतो. कीलाक्षरं उलगडण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते हेन्री रॉलिन्सन ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातले. १८२७ साली कोवळ्या वयात मुंबईला उतरले, इथेच फारसी शिकले आणि त्या बळावर इराणात गेले. बेहिस्तुनच्या कड्यावरचा त्रैभाषिक लेख त्यांनी जीव धोक्यात घालून उतरवून घेतला. हेही उतरवून घेणंच.

इंग्रज उत्खननकार लेयार्डने असिरियाच्या निमरुद या जुन्या नगरीत खणून काढलेल्या शिल्पांच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जायच्या. काही पेट्या इथे गोदीवर उघडल्याही गेल्या. शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन राजवाड्यातली कोरीव शिल्पं आजही बघायला मिळतात. मुंबईतल्या मंडळींनी एकदा त्यांच्यासमोर उभं राहून बघा. निनेवेच्या ज्या असिरियन राजाच्या, असुरबनिपालच्या, ग्रंथालयातून गिल्गामेश बाहेर आला, त्याच राजसत्तेची ही शिल्पं.

दूरदेशी:

सिडनीहून लिहिते आहे. इथल्या विद्यापीठाच्या आवारात गिल्गामेशचा पुतळा आहे, २००० सालापासून. इथल्या असिरियन समाजाने दिलेला. दाढीधारी, धिप्पाड, एका हाताने सिंहाचा छावा छातीशी धरलेला. माझी मुलगी तिथे शिकत होती तेव्हा आम्ही त्याच्या पायाशी डबा खायचो. एकदा शेजारी एक वयस्कर गृहस्थ नातवंडांना घेऊन आले होते. त्यांचं कुटुंब मोसुलकडून आलेलं. नातवाला पुतळ्यापुढे उभं करून त्यांनी ते नाव तीनदा म्हणून घेतलं. घर सुटलेल्या माणसाला पुतळा कशासाठी लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

पुराव्यानिशी:

दूरदेशी, सुंदर आठवण. पुतळ्याची ती ठेवण पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या भव्य शिल्पावरून आलेली. खोर्साबादच्या दुसऱ्या सार्गोनच्या राजवाड्यातलं ते शिल्प जगभर ‘गिल्गामेश’ म्हणून छापलं जातं, पण त्यावर कुणाचंही नाव कोरलेलं नाही.

मोहेंजोदडोच्या मुद्रांवर दोन वाघांना दोन हातांनी थोपवणारा वीर आहे, त्यालाही काही जण गिल्गामेश म्हणून मोकळे होतात. सिंधू संस्कृती आणि मेसोपोटेमिया यांचा व्यापार होता, तिथल्या लेखांतलं मेलुह्हा ते बहुधा आपल्याकडचंच. चित्राची कल्पना प्रवास करून आली असेल. नाव मात्र आलं याला आधार नाही. तीच गोष्ट ऋष्यशृंगाची. रानात वाढलेला, मृगांचा सोबती, गणिकेने नगरात आणलेला. एन्किडूशी साम्य डोळ्यात भरतं आणि त्याबद्दल लिहिलंही गेलंय. शतपथ ब्राह्मणातला मनू आणि मासा हेही तसंच. साम्य पाहावं, आनंद घ्यावा, पण कुणी कुणाकडून घेतलं याचा निवाडा घाईने करू नये.

आता ताईंच्या मूळ मुद्द्याशी माझा मतभेद. अनाम हातांचं ऋण मान्य, पण त्या हातांना काम कुणी दिलं? गुतियन या परक्या टोळ्यांना हाकलणारा उरुकचा उतुहेगल आपल्या विजयलेखात गिल्गामेशला आपला पाठीराखा म्हणतो. उरचा राजा शुल्गी, इ.स.पू. एकविसाव्या शतकातला, गिल्गामेशला सरळ भाऊ म्हणतो आणि निन्सुनला आई. स्वतःची गादी पक्की करायला त्याला हा पूर्वज हवा होता. असुरबनिपालने ग्रंथालय उभारलं ते हुकूम काढून, ठिकठिकाणच्या पाट्या गोळा करवून. इ.स.पू. ६१२ मध्ये निनेवे जळालं आणि त्या आगीत बऱ्याच पाट्या भाजून पक्क्या झाल्या, म्हणून टिकल्या. राजांच्या गरजा आणि एक आग. नाव टिकण्यात यांचा वाटा लेखनिकांपेक्षा कमी नाही.

काना_मात्रा:

तुमचं म्हणणं दोन दिवस मनात घोळवलं. शुल्गीचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. निप्पूर आणि उर इथे पाठशाळा आपण उभारल्या असं तो स्वतः सांगतो, आणि त्या काळात या कथा रचल्या किंवा घडवल्या गेल्या नसत्या तर पुढच्यांना उतरवायला काही उरलंच नसतं. मूळ लेखात मी राजांना फारच हात झटकून बाजूला सारलं.

असुरबनिपालबाबत मात्र मी ठाम आहे. पाच सुमेरी कथा आपल्याला त्याच्या ग्रंथालयातून मिळालेल्या नाहीत. त्या मिळाल्या मोठ्या संख्येने निप्पूरसारख्या गावांतल्या घरांतून, इ.स.पू. अठराव्या शतकातल्या विद्यार्थ्यांच्या पाट्यांवरून. शाळेला सुमेरी भाषेत एदुब्बा म्हणत, म्हणजे पाट्यांचं घर. सुमेरी तेव्हा कुणाच्याच घरी बोलली जात नव्हती, मुलं ती शाळेत शिकायची. ठरलेल्या दहा पाठांचा एक संच होता, त्यात ‘गिल्गामेश आणि हुवावा’ होती. (हुवावा हे हुंबाबाचंच सुमेरी नाव.) ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने पाठ उतरवायचा, गुरुजींनी बघायचा आणि बऱ्याचदा ती माती पुन्हा मळून नवी पाटी करायची. जुन्या पाट्या घराच्या बांधकामात भराव म्हणून घातल्या गेल्या, आणि त्या भरावातून आपल्याला हुवावा मिळाला. त्या पाट्यांना ना कुणा राजाचा हुकूम होता, ना आगीने त्यांना भाजलं.

लालमाती दादा, आखाड्याचा मुद्दाही पटला. ते नाव लोकांच्या तोंडी होतं म्हणूनच पाठात आलं असणार.

ओवी:

ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून संपूर्ण अनुवाद मिळवून वाचला. एक शंका आहे. मूळ लेखात तुम्ही बारा पाट्यांची संहिता म्हटलंय. पण बाराव्या पाटीत एन्किडू जिवंत आहे! गिल्गामेशची पाताळात पडलेली वस्तू आणायला तो खाली जातो. सातव्या पाटीत तो मेला ना? की माझ्या वाचण्यात काही चूक होतेय?

काना_मात्रा:

चूक तुमची नाही, ओवी, माझी आहे. काव्य अकराव्या पाटीत, तटाच्या विटांपाशी संपतं. बारावी पाटी म्हणजे ‘गिल्गामेश, एन्किडू आणि पाताळ’ या सुमेरी कथेच्या उत्तरार्धाचं अक्कादी भाषांतर. लेखनिकांनी ते मालिकेच्या शेवटी जोडलं, पण कथेत मिसळलं नाही, जुनं होतं तसंच ठेवलं. मी ‘बारा पाट्यांची संहिता’ लिहायला नको होतं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

*आधी इथे ‘बारा पाट्यांची’ असं होतं. ओवी यांनी दाखवल्यावर बदललं. बाकीचा लेख पुन्हा एकदा ताडून पाहिला.